मुळीचा हिशेब मांडणारे डॉक्टर

घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र आता आमच्या बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावातही नवलाचे राहिलेले नाही. ते दंडाला बांधणाऱ्या कितीजणांना डॉ. रुस्तम जाल वकील हे नाव ठाऊक असेल?

१९११ साली पारशी घराण्यात जन्मलेले वकील लंडनला वैद्यक शिकले आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हृदयरोग्यांवर उपचार करू लागले. वाढलेल्या रक्तदाबावर हमखास लागू पडणारे औषध तेव्हा डॉक्टरांपाशी नव्हते. वैद्य मात्र पिढ्यानपिढ्या सर्पगंधेची मुळी निरनिराळ्या दुखण्यांवर देत आले होते. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी तिच्या गुणांविषयी लिहिलेही. जगाने फारसे मनावर घेतले नाही.

वकिलांनी मुळीची ना थट्टा केली, ना आरती ओवाळली. त्यांनी रोग्यांचा दाब मोजला आणि लिहून ठेवला. माझी हयात बँकेत गेली. नोंदीवाचून व्यवहार खरा मानायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो. १९४९ साली त्यांनी ५० रोग्यांच्या नोंदी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडल्या आणि पार बोस्टनचे डॉक्टर ही मुळी वापरून पाहू लागले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे काढले गेले. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ साली पद्मभूषण. १९७४ मध्ये ते गेले. नवी औषधे आली, रेसरपीनही मागे पडले.

याच मुळीतून सलीमुज्जमान सिद्दिकींनी अजमलीन काढले होते. ते ठोक्यांच्या लयीवर काम करते. दाब आणि लय, दोन्ही एकाच मुळीत!

आपल्या घरच्या यंत्रातही दोन्ही असतात. पट्ट्यातली हवा उतरताना ठोक्यांमधले अंतर कमीजास्त भरले, तर काही यंत्रांवर हृदयाची खूण उमटते. हात हलला तरी ती उमटू शकते, म्हणून घाबरू नये; पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. वारंवार दिसली तर तारीख-वेळ लिहून डॉक्टरांना दाखवावी. निदान यंत्र करत नाही, ते ईसीजीनेच होते. पण दुर्लक्षही नको. बिघडलेल्या लयीचा एक प्रकार काही त्रास न देता हृदयात रक्ताची गुठळी धरतो. ती मेंदूत गेली की पक्षाघात. छातीत दुखले, भोवळ आली, तर मात्र वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा.

एरवी यंत्राशेजारी एक वही असू द्या. वकिलांचे मोठेपण अशाच नोंदींतून उभे राहिले.