भिंतीपलीकडची घंटा : जगदीशचंद्र बोस यांची गोष्ट

मुधोळ : मुधोळच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि उर्दू एकाच दुकानात कानावर पडतात, पण सौदा काही अडत नाही. १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात असलेल्या या भागाला त्याची सवयच आहे. आता घरातही तसंच होऊ लागलंय. मोबाइलवरून लागणारा दिवा एका कंपनीचा, दारावरची घंटा दुसरीची, पंख्याचं बटण तिसरीचं. मध्ये तार नाही, तरी एकाचा निरोप दुसऱ्याला कळतो. तारेशिवाय भिंतीपलीकडची घंटा वाजवण्याचा प्रयोग मात्र आपल्या देशात १८९५ सालीच झाला होता. तो करणारे होते जगदीशचंद्र बोस.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आज बांगलादेशात असलेल्या भागातला. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट. हुद्देदारांची मुलं त्या काळी इंग्रजी शाळेत जायची, पण वडिलांनी जगदीशला मुद्दाम बंगाली शाळेत घातलं. वर्गात शेजारी बसायला शिपायाचा आणि कोळ्याचा मुलगा. प्राण्यांच्या, पाण्याच्या गोष्टी या मित्रांकडून ऐकून निसर्गाची ओढ लागली, असं ते पुढे आवर्जून सांगत. त्यानंतर कोलकात्याचं सेंट झेवियर्स आणि मग केंब्रिज.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे पहिला घाव बसला. त्याच कामासाठी भारतीयाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याच्याही निम्माच हातात. बोस यांनी भांडण केलं नाही, कामही सोडलं नाही. त्यांनी पगारच घेतला नाही. तब्बल तीन वर्षं फुकट शिकवलं. घरावर कर्ज होतं, तरी मागे हटले नाहीत. शेवटी सरकारने त्यांना कायम केलं आणि मागचा सगळा पगार पूर्ण दराने दिला. त्या पैशातून वडिलांचं कर्ज फिटायला हातभार लागला.

कॉलेजात प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा नव्हती. एका चिंचोळ्या खोलीत, पत्र्याचं काम करणाऱ्या साध्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी स्वतःची यंत्रं घडवली. लहरींची दिशा तपासायला परदेशी उपकरण नव्हतं, तर त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांमध्ये धातूचे पातळ कागद घातले. कधी पिळलेला ताग वापरला. काम भागलं.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलात, बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांसमोर, त्यांनी प्रयोग दाखवला. एका खोलीतून निघालेल्या विद्युतचुंबकीय लहरी भिंती ओलांडून ७५ फुटांवरच्या खोलीत पोहोचल्या. तिथली घंटा वाजली, पिस्तूल उडालं, दारूचा छोटा स्फोट झाला. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी ते कौतुकाने ऐकलं.

बोस यांनी अवघ्या ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या होत्या. मोजायच्या तर त्या ६० गिगाहर्ट्झच्या. आज वायफायचा एक प्रकार याच लहरींवर चालतो. वेग भरपूर, पण इतकी आखूड लहर सहसा खोलीबाहेर जात नाही. म्हणून घरातली बहुतेक यंत्रं २.४ गिगाहर्ट्झवर काम करतात. ही लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटरची, भिंत त्या मानाने बरी ओलांडते. वायफाय, ब्लूटूथ आणि झिगबी तिघंही इथेच वावरतात, पण कामं वेगळी. चित्रफितीसारखा मोठा माल वायफाय वाहतं. जवळच्या दोन यंत्रांची जोडी ब्लूटूथ लावतं. झिगबीचे दिवे एकाचा निरोप दुसऱ्याकडे सरकवतात, गल्लीत या ओट्यावरून त्या ओट्यावर बातमी जावी तसे. म्हणून जाड भिंतींच्या जुन्या घरातही शेवटच्या खोलीपर्यंत निरोप जातो.

पण लहर पोहोचली म्हणजे बोलणं कळलं असं नाही. त्यासाठी नियम एकच लागतात. आधी प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असायची, एकीचा दिवा दुसरीच्या बटणाला दाद द्यायचा नाही. अखेर मोठ्या कंपन्या एकत्र बसल्या आणि २०२२ मध्ये मॅटर नावाची सामायिक भाषा आली.

ज्ञान एकट्याने कुलपात ठेवू नये, ही गोष्ट बोस यांनी फार आधी धरली होती. १९०१ मध्ये लंडनला तारयंत्राच्या धंद्यातला एक मालक पेटंटचे कागद घेऊन त्यांच्याकडे आला, नफ्यातला वाटा देऊ म्हणाला. त्यांनी नकार दिला आणि आपल्या यंत्राची माहिती खुली केली. मित्रांच्या आग्रहाने एक अमेरिकी पेटंट काढलं गेलं, १९०४ मध्ये मिळालंही, पण त्याचा पैसा त्यांनी केला नाही.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडून संदेश टिपला, त्यात पाऱ्याचा संवेदक होता. त्याची मूळ रचना बोस यांनी १८९९ मध्येच प्रसिद्ध केली होती, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिलं. १९०९ चं नोबेल मात्र मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळालं. बोस तोवर वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले होते. १९१७ मध्ये, आपल्या वाढदिवसालाच, त्यांनी कोलकात्यात बोस संस्था उभी केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे ते गेले.

मुधोळपासून जवळच बासरला २००८ पासून ट्रिपल आयटी आहे. दहावी झालेली खेड्यापाड्यातली पोरं तिथे इंजिनिअर व्हायला येतात. कुणी घरी मराठी बोलतं, कुणी तेलुगू. शिपायाच्या आणि कोळ्याच्या पोरांशेजारी बसून शिकलेल्या बोस यांना तो वर्ग परका वाटला नसता.