आमचे भगवानदादा

मागच्या विसर्जनाला आपल्या गेटजवळ बेंजो लागला आणि आम्ही चार-पाच म्हातारे भीतभीत आत शिरलो. गुडघ्यांची परवानगी होती तेवढंच, म्हणजे पाय जाग्यावर, खांदे हलते आणि दोन्ही हात छातीपुढे खालीवर. सी विंगमधल्या एका चिमुरडीनं विचारलं, "आजोबा, हा कुठला डान्स?" म्हटलं, भगवान डान्स. "देवासमोर करतात म्हणून का?" सगळे हसले. मला मात्र वाटलं, स्मरणिकेसाठी लेख मागितलाय तर यावरच लिहावं.

भगवान म्हणजे भगवान आबाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा. वडील कापड गिरणीत कामगार. मुंबईत गिरणगावातच दादा वाढले, मजुरीही केली. तालमीचा नाद, त्यामुळं अंग कमावलेलं. मूकपटांच्या शेवटच्या काळात ते पडद्यावर आले आणि १९३८ साली 'बहादुर किसान' या चित्रपटाचे सहदिग्दर्शक झाले. पुढं कमी पैशात, झटपट मारामारीचे चित्रपट काढायचे हा त्यांचा धंदाच झाला. गिरणी कामगार, हमाल, टांगेवाले हा त्यांचा प्रेक्षक. पांढरपेशा माणूस त्यांच्या पिक्चरला जात नसे, गेला तरी घरी सांगत नसे! १९४१ मध्ये त्यांनी 'वनमोहिनी' नावाचा तमिळ चित्रपटही दिग्दर्शित केला, त्यात एका हत्तीला मोठं काम होतं. मराठी गड्यानं मद्रासी बोलपट करावा, तोही हत्ती घेऊन, याचं मला अजून नवल वाटतं.

एक गोष्ट मात्र वाईट घडली. १९४२ च्या सुमारास 'जंग-ए-आझादी'च्या वेळी ललिता पवार यांना थोबाडीत मारायचा प्रसंग होता. दादांचा हात जोरात बसला. बाईंच्या चेहऱ्यावरून वारं गेलं, वर्षानुवर्षं उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कामं गेली. पुढं खाष्ट सासू म्हणून आणि 'रामायण' मालिकेत मंथरा म्हणून सगळ्या देशानं त्यांना ओळखलं, ते त्या अधू डोळ्यासकट.

१९४२ मध्येच दादांनी स्वतःची जागृती संस्था काढली आणि पुढं चेंबूरला स्टुडिओ उभा केला. सामाजिक चित्रपट कर, असा सल्ला राज कपूर यांनी दिला असं म्हणतात. त्यातून १९५१ साली 'अलबेला' आला. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र, गीतं राजेंद्र कृष्ण. दादा दिसायला देखणे नव्हते, बुटके आणि अंगानं जाड. पण सी. रामचंद्र चितळकर नावानं गायचे तो आवाज या माणसाला असा बसला की विचारू नका! क्लॅरिनेट, बोंगो, सगळा विलायती थाट आणि मध्ये आपला हा गिरणगावातला गडी. त्यातली लताबाईंची अंगाई आमच्या आईला फार आवडायची. तो कशातला पिक्चर, हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

नाच म्हणाल तर त्यात शास्त्र काही नाही. कोळ्याचा, गोविंदाचा, वरातीचा नाच दादांनी कोट घालून केला, असं माझं मत आहे. शिकावा लागत नाही म्हणून तर तो लग्नात सगळ्यांना येतो. अमिताभ बच्चनच्या नाचातही तो दिसतो, असं जाणकार सांगतात.

मग पैसा आला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात वारांना सात मोटारी, असं छापून आलंय. एका पिक्चरमध्ये पैशांच्या पावसाला खऱ्या नोटा उधळल्या म्हणतात. बँकेत छत्तीस वर्षं नोटा मोजलेल्या माणसाला हे ऐकवत नाही! 'झमेला' काढला, तो तसा चालला नाही. किशोरकुमारला घेऊन 'हंसते रहना' सुरू केला, त्यात होतं नव्हतं ते घातलं आणि तो पुरा झालाच नाही. बंगला गेला, मोटारी गेल्या, दादा दादरच्या चाळीत आले. आपल्या कोल्हापूरच्या शांतारामबापूंनी 'झनक झनक पायल बाजे'त काम दिलं, 'चोरी चोरी'त दिसले, नंतर भूमिका लहान लहान होत गेल्या. शेवटी तर गर्दीत दोन मिनिटं नाचायचं आणि घरी जायचं. पण बोलावलं की जायचे.

याच ठिकाणी मला आमचे अण्णा आठवतात, माझे थोरले बंधू. मित्राच्या कारखान्याला ते जामीन राहिले. मी स्वतः बँकेत, कागद वाचता येणारा, पण मला विचारलं नाही आणि कळल्यावर मीही बोललो नाही. १९८६ ला शुक्रवार पेठेतलं आमचं घर गेलं. त्यानंतर अण्णांनी ती गल्ली सोडली. पंचगंगेला जायचं तरी लांबच्या वाटेनं जायचे.

दादा ४ फेब्रुवारी २००२ ला गेले. आपली सोसायटी तेव्हा नवीनच होती, बाल्कनीला ग्रिलसुद्धा बसलं नव्हतं. अण्णा आमच्याकडेच असत. सकाळी पेपर वाचताना ते बराच वेळ त्याच पानावर राहिले. मग मला म्हणाले, "अरे, एवढं सगळं गेल्यावरबी हा नाचत होता की रं." मी काही बोललो नाही, चहा आणायला आत गेलो.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीला अण्णा दुपारीच कपडे करून बाहेर पडले. रात्री उशीर झाला म्हणून मी शोधायला गेलो, तर शुक्रवार पेठेत, आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी उभे. नाचत नव्हते. कडेला उभं राहून टाळ्या वाजवत होते, अंगावर गुलाल होता.