सोन्याचे लाल पाणी : मायकेल फॅरेडे

सोन्याचा रंग कोणता असे विचारले तर पहिलीतले मूलही पिवळा म्हणून सांगेल. पण सोने माणकासारखे लालही दिसते. ते लाल सोने बाटलीत जपून ठेवणाऱ्या मायकेल फॅरेडे यांची ओळख या अंकात करून देत आहोत.

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, इंग्लंडमधला. वडील लोहार, घरची गरिबी. शाळेत लिहिणे, वाचणे व थोडे गणित एवढेच झाले. चौदाव्या वर्षी ते लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीस लागले. बांधायला आलेली पुस्तके ते वाचूनही काढीत. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्यांनी टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना मदतनिसाची नोकरी मिळाली. १८३१ चा चुंबक व विजेचा शोध तुमच्या पुस्तकात आहेच.

साठी उलटली, स्मरणशक्ती दगा देऊ लागली, तरी त्यांचे प्रयोग चालूच होते. सोन्याचे अतिशय पातळ थर तयार करताना धुण्याचे पाणी किंचित लालसर झालेले त्यांना दिसले. दुसऱ्या कोणी ते मोरीत ओतले असते. फॅरेडेंनी ते ठेवले. त्यातून प्रकाशाचा झोत सोडला तेव्हा झोताची वाट उजळून दिसली. यावरून पाण्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत आहेत, असे त्यांनी ओळखले. ते कण दाखवील असा सूक्ष्मदर्शक तेव्हा नव्हता. १८५७ मध्ये त्यांनी हे काम रॉयल सोसायटीपुढे मांडले.

आज अशा कणांना नॅनोकण म्हणतात. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ओरेगन व ग्रेट्झेल यांनी रंगद्रव्याने प्रकाश टिपणारा नवा सौर घट जाहीर केला. त्यात सोन्याचांदीचे थोडे नॅनोकण मिसळले तर ते आपल्याभोवती प्रकाश एकवटतात व शेजारच्या रंगद्रव्याला तो जास्त मिळतो. घटातले आयोडीन धातूला खाते, म्हणून कणांवर पातळ लेप द्यावा लागतो. कण फार झाले तर प्रकाशाची नुसती उष्णता होते. हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

फॅरेडेंनी सर ही पदवी घेतली नाही. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले. त्यांच्या सोन्याच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही आहेत.

आमच्या प्रयोगशाळेत उत्तर पुस्तकाशी जुळले नाही की मुले ते खोडतात आणि शेजाऱ्याचे उतरवतात. दोष त्यांचा एकट्यांचा नाही, गुण तर आम्हीच कापतो. या सत्रापासून जे खरोखर दिसले ते लिहिणाऱ्याचा गुण कापला जाणार नाही. पालकांनीही घरी वही पाहताना एवढे लक्षात ठेवावे, ही विनंती.