खाँसाहेबांचे गणगोत

आफताब-ए-मौसिकी उस्ताद फैयाज खाँ यांच्याविषयी बोलणे निघाले, की त्यांच्या भारदस्त आवाजापासूनच आरंभ होतो. मला मात्र त्यांच्या आयुष्यातील दोन उणिवा आधी आठवतात. त्यांनी वडिलांचे तोंड पाहिले नाही, आणि त्यांना मूलबाळ झाले नाही. या दोहोंच्या मधे त्यांनी जो संसार मांडला, तो बहुतांशी सुरांच्या नात्यांचा होता.

१८८६ च्या सुमारास आग्र्याजवळ सिकंदरा येथे ते जन्मले. वडील सफदर हुसेन त्यापूर्वीच निवर्तले होते. आईचे वडील गुलाम अब्बास खाँ यांनी नातवाला पोटाशी धरले आणि तालीमही दिली. वडिलांकडचे रंगीले घराणे व आजोळचे आग्रा घराणे असा दुहेरी वारसा त्या पोरक्या मुलाच्या गळ्यात उतरला.

१९१२ च्या सुमारास ते सयाजीराव महाराजांच्या दरबारी रुजू झाले आणि अखेरपर्यंत बडोद्याचेच राहिले. ख्यालाआधी ध्रुपद अंगाची नोमतोम आलापी, मग बोलबनाव, आणि शेवटी ठुमरी किंवा दादरा अशी त्यांची मैफल रंगत जाई. ‘प्रेमपिया’ या मुद्रेने त्यांनी बंदिशी बांधल्या. कृष्णाच्या होरीचे बोल ते तल्लीन होऊन गात, आणि ऐकणाऱ्याला गवयाचा धर्म विचारावासा वाटत नसे.

१९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित भातखंडे तिचे सूत्रधार. त्याच सुमारास त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन खाँसाहेबांकडे शिकू लागले. मुंबईचा ब्राह्मण तरुण आणि आग्र्याचा मुसलमान उस्ताद! बंदिशी म्हणजे घराण्याचे धन. ते परक्याच्या ओटीत घालताना भलेभले हात आखडता घेत. खाँसाहेबांनी घातले. पुढे रातंजनकर लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि ते धन गिंडे, भट, कायकिणी यांच्यापर्यंत पोहोचले.

माझे वडील राजवाड्याच्या चाकरीतले वादक; मी पादऱ्यास गाणे शिकवतो. रागाचे आरोह-अवरोह फळ्यावर लिहून देता येतात. पण शिष्याचा सूर कुठे डळमळतो, हे समोर बसूनच ऐकावे लागते, आणि तो सावरेपर्यंत पुन्हा पुन्हा गाऊन दाखवावे लागते. एवढा वेळ माणूस पोटच्या पोरालाच देतो. तालमीत गुरू तो दुसऱ्याच्या लेकराला देतो; म्हणूनच तिथे नाते जडते.

५ नोव्हेंबर १९५० रोजी खाँसाहेब बडोद्यातच पैगंबरवासी झाले. २००२ च्या दंगलीत या शहरातील त्यांच्या कबरीची नासधूस झाली. ज्या गावाला त्यांनी आपले मानले, त्या गावात हे घडले, याची खंत आपल्यासारख्या जुन्या घरांनी तरी मनात बाळगली पाहिजे.

त्यांची जयजयवंतीची ध्वनिमुद्रिका मी वर्गात लावतो. अवघ्या तीन मिनिटांची. पण मुले ती पुन्हा लावायला सांगतात. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर खाँसाहेबांच्या तबकड्या अजून पडून असतील, तर त्या खाली काढाव्या, पुसाव्या आणि नातवंडांना जवळ बसवून ऐकवाव्या. खाँसाहेबांचे गणगोत असेच वाढत आले आहे.