नोकरी गेलेल्या कामगारांना कॉफी हाऊसचं मालक बनवणारे ए. के. गोपालन

डोक्यावर तुरेवाला फेटा, हातात ट्रे... इंडियन कॉफी हाऊसचा वेटर आठवतोय? या कॉफी हाऊसचे मालक कुणी उद्योगपती नाहीत, तर कामगारांच्या सहकारी संस्था आहेत. त्यामागे होते ए. के. गोपालन.

१९०४ साली आजच्या केरळमधल्या कन्नूर भागात जन्म. आधी शिक्षक, मग स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे कम्युनिस्ट खासदार.

१९५०च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर आले. तेव्हा गोपालन यांनी त्यांना सहकारी संस्था काढून स्वतःच धंदा चालवायला सांगितलं. १९५७मध्ये बंगळुरू आणि दिल्लीत सुरुवात झाली, १९५८मध्ये त्रिशूरला.

१९७७ साली गोपालन गेले. त्या कामगारांच्या पुढच्या पिढ्या आजही कॉफी पाजतायत.