धारच्या मैनाबाई पवार

आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत अहिल्याबाईंचे नाव रोज निघते, मैनाबाईंचे क्वचितच. १८०७ मध्ये धारचे आनंदराव पवार वारले, तेव्हा मैनाबाई गरोदर होत्या. गादीवर मुरारीरावाचा डोळा होता. धोका ओळखून त्या मांडूला गेल्या. तिथे रामचंद्ररावांचा जन्म झाला. पुढे मुरारीरावाशी झुंजत त्यांनी धारचा किल्ला राखला. थोड्याच वर्षांत बाळ दगावले. दुःख गिळून त्यांनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नावही रामचंद्ररावच ठेवले. शिंदे-होळकरांच्या स्वाऱ्यांनी मुलूख आक्रसत गेला, पण गादी गेली नाही. १८१९ मध्ये इंग्रजांशी तह होऊन संस्थान सावरले. कचेरीत, शाळेत जबाबदारीची खुर्ची सांभाळणाऱ्या आपल्या लेकीसुनांना किल्ला दाखवताना आपण हे नावही सांगू या.