पवनचक्कीतील गणिती : जॉर्ज ग्रीन

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम या शहराला समुद्रकिनारा नाही. तरीही किनाऱ्याकडे येताना लाट किती उंचावते, याचा नियम याच शहरातील एका गिरणीवाल्याने शोधून काढला. त्यांचे नाव जॉर्ज ग्रीन.

ग्रीन यांचा जन्म १७९३ साली झाला. वडिलांचा बेकरीचा व्यवसाय होता. आठव्या वर्षी जॉर्ज शाळेत गेले; पण जेमतेम वर्षभरातच शाळा सुटली आणि ते बेकरीत राबू लागले. १८०७ साली वडिलांनी शहराजवळच्या स्नेंटन या गावी धान्य दळण्यासाठी पवनचक्की उभारली. तिचे काम वाऱ्यावर अवलंबून असे. वारा सुटला की वेळकाळ न पाहता दळण उरकावे लागे. या कष्टांतूनही त्यांनी गणिताचा अभ्यास सोडला नाही. १८२३ साली ते गावातील एका ग्रंथालयाचे सभासद झाले.

१८२८ साली, वयाच्या पस्तिशीच्या सुमारास, त्यांनी वीज आणि चुंबकत्व यांविषयीचा आपला प्रबंध वर्गणीदार मिळवून छापला. वर्गणीदार पन्नासच्या आसपास होते आणि त्यांतील बहुतेकांना त्यातील गणित समजण्यासारखे नव्हते. परंतु सर एडवर्ड ब्रॉमहेड या गणितप्रेमी गृहस्थांनी ग्रीन यांची योग्यता ओळखली व त्यांना केंब्रिजला जाण्यास उत्तेजन दिले. १८३३ साली, चाळिसाव्या वर्षी, ग्रीन तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. सहाध्यायी त्यांच्या निम्म्या वयाचे होते. लॅटिन व ग्रीक भाषांची त्यांची तयारीही बेताचीच होती. तरीही १८३७ च्या गणित परीक्षेत त्यांनी चौथा क्रमांक पटकावला.

त्याच वर्षी त्यांनी पाण्याच्या लाटांवर एक निबंध सादर केला. ज्या कालव्याची खोली व रुंदी हळूहळू बदलत जाते, त्यातून जाणाऱ्या लांब लाटेचे काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. पाणी उथळ होऊ लागले की लाटेचा वेग मंदावतो. पुढचा भाग आधी मंदावतो, मागचा भाग त्याच्या जवळ येतो आणि लाट आखूड होत जाते. तिची ऊर्जा मात्र नाहीशी होत नाही. तीच ऊर्जा थोड्या जागेत सामावल्यामुळे लाट उंचावते. खोली सोळाव्या हिश्श्यावर आली, तर लाटेचा वेग चौथाई होतो आणि उंची दुप्पट होते. हाच ‘ग्रीनचा नियम’. लाट फुटू लागेपर्यंत तो साधारणपणे लागू पडतो. पुढे १८३९ साली त्यांनी खोल पाण्यातील लाटांचाही विचार केला. तेथे पाण्याचे कण लाटेबरोबर पुढे वाहत जात नाहीत. ते जागच्या जागी वर्तुळाकार फिरतात.

१८३९ सालीच त्यांना महाविद्यालयाचे अधिछात्रपद मिळाले. पण प्रकृती ढासळल्याने ते लवकरच गावी परतले. १८४१ साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांची थोरवी फार थोड्यांना ठाऊक होती. १८४५ साली विल्यम थॉमसन या तरुण शास्त्रज्ञाच्या हाती त्यांचा जुना प्रबंध आला. त्याने तो पुन्हा प्रसिद्ध करविला आणि ग्रीन यांचे नाव युरोपभर पोहोचले.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्रतळाशी भूकंप झाला व सुनामी उसळली. चार हजार मीटर खोल पाण्यात अशी लाट ताशी सुमारे सातशे किलोमीटर वेगाने धावते. तरीही तेथील नौकांना ती फारशी जाणवत नाही. तीच लाट उथळ पाण्यात शिरून उंचावली आणि तिने तमिळनाडू व अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर हाहाकार माजविला. किनाऱ्यावर सुनामी किती उंच येईल, याचा अंदाज बांधताना ग्रीन यांचा नियम आजही उपयोगी पडतो.

स्नेंटनची पवनचक्की १९८० नंतरच्या दशकात दुरुस्त होऊन पुन्हा फिरू लागली. वर्षभराच्या शाळेनंतर सुटलेला शिक्षणाचा धागा तिच्या मालकाने चाळिसाव्या वर्षी पुन्हा हाती घेतला होता. तो घेतला नसता, तर लाटांचा हा नियम त्यांच्या हातून कदाचित लिहिला गेला नसता.